पिशवीचे पैसे का झोंबतात?

नवी मुंबईत महापे एमआयडीसीतलं ऑफिस सुटल्यावर कोपरखैरणे किंवा घणसोली स्टेशनकडे निघालेल्या माणसाला वाटेत दोन तऱ्हांनी भाजी घेता येते. फुटपाथवरच्या गाडीवरून अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी आणि चार लिंबं घेतली, तर ती पातळ, करकरणाऱ्या पिशवीत हातात पडतात. पिशवीचे वेगळे पैसे नाहीत. तेवढीच भाजी एखाद्या मोठ्या दुकानातून घेतली, तर काउंटरवरची मुलगी विचारते, "सर, बॅग हवीय?" हो म्हटलं की बिलात आणखी दहा-पंधरा रुपये चढतात. पहिली पिशवी बेकायदा आहे आणि फुकट आहे. दुसरी कायद्यात बसते आणि तिला दाम मोजावा लागतो. भांडण मात्र दुसरीवरून होतं.

"दीड हजाराचं सामान घेतलं, वर पिशवीचेही पैसे?" "तुमच्या दुकानाचं नाव आम्ही मिरवायचं आणि पैसेही आम्हीच द्यायचे?" "आधी सांगायचं ना!" बिलिंगच्या रांगेत उभं राहिलं की ही वाक्यं हमखास कानावर येतात. बोलणारा माणूस कंजूष असतो असं नाही. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सुटे पाच रुपये सोडणारा हाच असतो. मग पिशवीचे पैसे त्याला का झोंबतात?

महाराष्ट्रात आणि बाहेर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडलं, त्यातून याचं बरंचसं उत्तर मिळतं. रक्कम किती, याला लोक फारसं महत्त्व देत नाहीत. पैसे केव्हा मागितले, ते कोणाच्या खिशात गेले आणि शेजारच्या दुकानातही तेच लागतात का, या तीन गोष्टींवर त्यांचा राग किंवा होकार ठरतो. आपल्याकडे या तिन्ही बाबतीत घोळ झाला.

पिशवी फुकट झाली कशी?

सामान भरायच्या वस्तूला किंमत असते, हे आपल्या बाजाराला कधीच नवीन नव्हतं. वाशीच्या एपीएमसी मार्केटात आजही बारदानाचा हिशेब मालापासून वेगळा धरतात. पोतं कोणाचं, त्याचं वजन किती धरायचं, हे व्यवहाराच्या आधीच ठरलेलं असतं. किरकोळ बाजारात गिऱ्हाईक पिशवी घरून आणायचं. वाणी कागदाच्या पुड्या दोऱ्याने बांधून द्यायचा, तेलाला घरची बरणी न्यायची, आरेच्या केंद्रावर दुधाची रिकामी काचेची बाटली दिल्यावर भरलेली मिळायची. बाटली फुटली की भुर्दंड आपल्याला, हे सगळ्यांना मान्य होतं.

पॉलिथिनने हे बदललं. १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघाताने हाती लागलं. आज आपण ज्या आकाराची, एकसंध कानांची पिशवी वापरतो, तिचा आराखडा स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याचा. त्याचं पेटंट १९६५ सालचं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्था फोडून प्लास्टिकचा कच्चा माल काढणारा कारखाना, सुरू झाला आणि पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, बनवायला घेतलं. देशात हे प्लास्टिक जिथे आधी तयार झालं, तो पट्टा महाप्याच्या अगदी शेजारचा. आज तिथे काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर दिसतात, पण एके काळी या रस्त्याची ओळख रसायनांच्या वासावरून पटायची.

एचडीपीईचा गुण असा, की त्याची फिल्म अतिशय पातळ ओढली तरी ती वजन पेलते. करकर आवाज करणारी भाजीची पिशवी याचीच. पातळ म्हणजे स्वस्त, इतकी स्वस्त, की दुकानदाराला ती मालाच्या किमतीत सहज मुरवता आली. पिशवीची किंमत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड गेली आणि एका पिढीत तो त्याचा हक्क होऊन बसला.

मायक्रॉनचं गणित

सरकारने पिशवीवर थेट दर लावायला बराच वेळ घेतला. त्याआधी तिची जाडी ठरवली. १९९९ च्या केंद्रीय नियमांत किमान २० मायक्रॉनची अट आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्या-गटारांचं खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवरही फुटलं. त्यानंतर महाराष्ट्राने २००६ च्या नियमांत ही अट ५० मायक्रॉनवर नेली. केंद्र ५० वर पोचलं ते २०१६ मध्ये. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी चढती भाजणी लागली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण जाडी वाढवून कचरा कमी कसा होणार? उलट प्लास्टिक जास्तच लागेल, अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. तिचं उत्तर हिशेबातच मिळतं.

८ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशी छोटी पिशवी घ्या. पुढची-मागची बाजू धरून तिचं क्षेत्रफळ सुमारे १,२४० चौरस सेंटिमीटर भरतं. एचडीपीईची घनता घन सेंटिमीटरला ०.९५ ग्रॅम. यावरून २० मायक्रॉनची पिशवी साधारण २.३५ ग्रॅमची होते, ५० मायक्रॉनची ५.९ ग्रॅमची आणि १२० मायक्रॉनची १४ ग्रॅमची. किलोभर प्लास्टिकात पहिल्या जातीच्या सव्वाचारशे पिशव्या निघतात, दुसऱ्या जातीच्या १७० आणि तिसऱ्या जातीच्या ७०. सोपं जावं म्हणून प्लास्टिकच्या दाण्याचा भाव किलोला १०० रुपये धरू. मग एका पिशवीतला नुसता कच्चा माल अनुक्रमे २४ पैसे, ५९ पैसे आणि १ रुपया ४० पैसे पडतो.

आता भाजीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. वीस रुपयांच्या भाजीवर पाव रुपयाची पिशवी तो हसत देईल. दीड-दोन रुपयांची देताना त्याचा हात आखडेल. जाडीचा नियम हा खरं तर आडमार्गाने लावलेला दर आहे. पिशवी इतकी महाग व्हावी की ती फुकट वाटणं परवडू नये, हा त्याचा एक हेतू. दुसरा हेतू कचरावेचकांशी निगडित आहे. किलोभर माल जमवायला सव्वाचारशे चिखलट पिशव्या वेचायच्या की सत्तर? पातळ पिशवी कोणी उचलत नाही, म्हणून ती गटारात जाते. जाड पिशवीला भंगारात भाव असतो.

पण या मार्गात एक मोठी अडचण आहे. जाडी डोळ्याला दिसत नाही. ४५ आणि ५० मायक्रॉनमधला फरक बोटांना कळत नाही, त्याला मायक्रोमीटर लागतो. नियमानुसार पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली असायला हवी, पण पाव किलो मिरच्या घेताना ते वाचतं कोण? प्लास्टिकबंदी राबवणाऱ्या यंत्रणांपैकी एक म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा महाप्यातच, निर्मल भवनात आहे. पाणी, हवा आणि घातक कचऱ्याचे नमुने तिथे तपासले जातात. पण राज्यातल्या प्रत्येक हातगाडीखालची पिशवी मोजणं कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचं आहे. जो नियम पाळला की नाही हे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला नुसतं बघून कळत नाही, तो रस्त्यावर टिकत नाही.

फुकट देऊ नका, म्हणाला कायदा

थेट दराची सुरुवात २०११ च्या केंद्रीय नियमांनी झाली. किरकोळ विक्रेत्याने ग्राहकाला पिशवी फुकट देऊ नये, आणि तिची किमान किंमत पालिका ठरवू शकेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मॉल आणि मोठ्या साखळी दुकानांनी हे लगेच अमलात आणलं. त्यांचं बिल संगणकावर निघतं, पिशवी ही आणखी एक वस्तू म्हणून त्यात टाकणं सोपं. शिवाय जो खर्च होता त्याची जमा झाली, मग नाही कोण म्हणेल? भाजीवाले, फळवाले, मासेवाल्या, किराणा दुकानदार यांच्यापर्यंत नियम पोचलाच नाही. एकाच रस्त्यावर पिशवीचे दोन कायदे झाले आणि महाग दुकानात पिशवीला पैसे, स्वस्त दुकानात फुकट, अशी लोकांची समजूत पक्की झाली.

२०१६ च्या नियमांनी ओझं दुकानदाराकडे वळवलं. प्लास्टिकची पिशवी द्यायची असेल तर पालिकेकडे नोंदणी करा आणि महिन्याला किमान ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये शुल्क भरा, असं ते कलम होतं. कचरा निस्तरायचा खर्च त्यातून निघावा, हा विचार चांगला होता. पण दिवसाला जेमतेम काही शे रुपये सुटणाऱ्या भाजीवाल्याकडून ही रक्कम निघणार नव्हती. मार्च २०१८ च्या दुरुस्तीत केंद्राने ते कलम काढून टाकलं.

परिणाम असा झाला, की पिशवीला पैसे घ्या असं सांगणारा केंद्रीय नियम राहिला नाही, पण पैसे घ्यायची सवय राहिली. पर्यावरणाच्या नावाने सुरू झालेली वसुली दुकानाच्या मर्जीवर आली. इथूनच ग्राहक आयोगांतले खटले सुरू झाले.

तीन रुपयांचा खटला

२०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचासमोर एक तक्रार आली. बाटाच्या दुकानातून बूट घेतल्यावर कागदी पिशवीचे ३ रुपये लावले होते. पिशवीवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. आपल्या पैशाने आपल्यालाच जाहिरातीचा फलक बनवलं, असं तक्रारदाराचं म्हणणं, आणि मंचाने ते उचलून धरलं. ३ रुपयांच्या पिशवीपायी कंपनीला एकूण ९,००० रुपये भरायला सांगितलं गेलं. ही बातमी देशभर गाजली, कारण तशी चिडचिड लाखोंनी मनातल्या मनात केलेली होती.

त्याहून महत्त्वाचा निकाल राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. चंडीगडच्याच बिग बझारमध्ये ग्राहकाला कापडी पिशवीचे १८ रुपये लावले होते. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं : पिशवीचे वेगळे पैसे लागणार, ती कशी आहे आणि केवढ्याला आहे, हे ग्राहकाला दुकानात माल निवडण्याआधीच ठळकपणे कळलं पाहिजे. माल निवडून, रांगेत उभं राहून, हात भरलेले असताना काउंटरवर ते सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरची पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि बाहेर पडताना दुकानाची पिशवी विकत घ्यायला लावायची, या विसंगतीवरही आयोगाने बोट ठेवलं.

पिशवीला पैसे घेणंच चूक आहे, असा या निकालाचा अर्थ लावला जातो, तो पुरता खरा नाही. अडवून, आयत्या वेळी पैसे घेणं चूक आहे, हा त्याचा गाभा. रांगेतल्या "आधी सांगायचं ना!" या वाक्याला आयोगाने कायद्याची भाषा दिली इतकंच. आणि इथेच एक व्यावहारिक गोष्टही दडली आहे. दर लावण्याचा उद्देश माणसाने घरून पिशवी आणावी हा असेल, तर तो दर काउंटरवर सांगून काय उपयोग? तोवर घरून पिशवी आणायची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी दर सवय बदलत नाही, फक्त पैसे गोळा करतो.

२०१८ : दंड आणि दर

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने सगळंच एका फटक्यात करायचं ठरवलं. पिशव्या, थर्माकोलची ताटं, वाट्या, चमचे, स्ट्रॉ यांच्यावर बंदीची अधिसूचना निघाली. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण एप्रिलमध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद.

त्या पहिल्या आठवड्यांत मुंबई, ठाणे, नवी मुंबईतलं चित्र खरोखर बदललं होतं. मासे आणायला लोक स्टीलचे डबे घेऊन निघाले, माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या, हॉटेलवाले पार्सलचं काय करायचं या विवंचनेत पडले. दुकानदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. वेफर्स आणि फरसाणवाल्यांनी विचारलं, आम्ही माल भरायचा कशात? आठवडाभरातच किरकोळ दुकानदारांना जाड प्लास्टिकच्या वेष्टनाची सवलत मिळाली आणि पकड सैल होत गेली. आज ती बंदी कागदावर आहे, मोहिमा निघतात, पालिकेची पथकं किलोंनी माल जप्त करतात. पथक गेलं की गाडीवरच्या गोणपाटाखालून पिशव्यांचा गठ्ठा परत वर येतो. विक्रेत्याला विचारा, तो सरळ सांगतो, "मी नाही दिली तर गिऱ्हाईक बाजूच्या गाडीवर जातं." एकट्याने नियम पाळायचा म्हणजे धंदा शेजाऱ्याच्या हवाली करायचा.

५,००० रुपयांचा दंड आणि १० रुपयांचा दर यांचं मनावरचं काम वेगवेगळं असतं. दंड मोठा असला तरी पकडले जाण्याची शक्यता कमी असेल, तर माणूस तो हिशेबात धरत नाही. दर छोटा असला तरी प्रत्येक वेळी द्यावा लागतो, म्हणून दर वेळी विचार करायला लावतो. पण दराचीही एक दुसरी बाजू आहे. उरी नीझी आणि आल्डो रस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलच्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटायची, आता पैसे भरले की विषय संपला. शरमेची जागा किमतीने घेतली.

चांगला पगार घेणाऱ्याच्या बाबतीत पिशवीचंही हेच होऊ शकतं. दहा रुपये दिले, म्हणजे पिशवी फेकायचा परवानाच मिळाला. म्हणून फक्त दर लावला की झालं, असं मानणारेही चुकतात.

आयर्लंडने काय वेगळं केलं?

पिशवीच्या दराचं सर्वात गाजलेलं उदाहरण आयर्लंडचं. तिथे ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर लागला. आधी लोकांना विचारलं होतं, तुम्ही किती द्याल? सरासरी उत्तर अडीच सेंटच्याही आत होतं. सरकारने कर लावला तो त्याच्या सहापटीहून जास्त. तरी उठाव झाला नाही. दर माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. पुढे आकडा पुन्हा थोडा चढू लागला, तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट केला. या कराचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याला युरोपातला सर्वात लोकप्रिय कर म्हणावं का, असा प्रश्नच आपल्या निबंधाच्या शीर्षकात टाकला.

वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तिथे पाळल्या गेल्या. एक, कर लागणार याची जाहिरात आधी महिनोन्‌महिने झाली, त्यामुळे काउंटरवर कोणी चकित झालं नाही. दोन, दुकानदाराला त्यातला एकही सेंट मिळत नव्हता. सगळी रक्कम पर्यावरण निधीत जायची आणि पावतीवर वेगळी दिसायची. तीन, सगळ्या दुकानांना एकच दर, म्हणून बाजूच्या दुकानात फुकट मिळेल ही पळवाट नाही. शिवाय सुटी फळं-भाजी, मासे, मांस यांच्या छोट्या पिशव्यांना सूट होती. ओल्या मालाचं काय, हा आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तिथे आधीच सोडवलेला होता.

इंग्लंडने ऑक्टोबर २०१५ मध्ये ५ पेन्सचा दर आणला आणि मे २०२१ मध्ये तो १० पेन्स केला. तिथे पैसे सरकारकडे जात नाहीत, दुकानांनी ते सत्कार्याला द्यावेत आणि किती दिले ते सांगावं अशी अपेक्षा असते. मोठ्या सुपरमार्केटांतल्या पातळ पिशव्यांचा वापर ९५ टक्क्यांहून जास्त घटला.

एवढ्या छोट्या रकमेने असं का होतं, याचा उलगडा अमेरिकेतल्या एका अभ्यासातून होतो. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात काही दुकानं घरची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट परत द्यायची. त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. मग दुकानातली पिशवी घेणाऱ्यावर ५ सेंटचा कर लागला आणि अशा पिशव्या घेणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्के-बिंदूंहून जास्त घसरलं. रक्कम तीच. अर्थशास्त्रज्ञ टाटियाना होमोनॉफ यांनी हे नोंदवलं. मिळणाऱ्या पाच रुपयांपेक्षा जाणारे पाच रुपये माणसाला जास्त लागतात, हा डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धांत इथे पिशवीत उतरला. थोडक्यात, पिशवीचे पैसे झोंबतात हा दराचा दोष नसून तेच त्याचं बळ आहे. प्रश्न इतकाच, की ती झोंब दुकानदारावरच्या रागात वाया जाते, की घरून पिशवी न्यायच्या सवयीत मुरते.

पैसे देऊन घेतलेली पिशवी चांगलीच असते का?

दर द्यावा लागला की बहुतेक जण असं धरून चालतात, की घेतली ती पर्यावरणाला चांगली पिशवी. दुकानात दहा रुपयांना मिळणारी, कापडासारखी दिसणारी पिशवी हातात घेऊन बारकाईने पाहा. तिच्यात उभे-आडवे धागे नसतात, सगळीकडे बारीक ठिपक्यांचे दाब असतात. ती नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच पिशवी. ३० सप्टेंबर २०२१ पासून केंद्राने अशा पिशवीला चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली आहे, कारण हलकी पिशवी काही दिवसांत विरते आणि तिचे तंतू सगळीकडे पसरतात. "विघटनशील" म्हणून मिळणाऱ्या हिरव्या पिशवीला आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तीही नाल्यात पडली तर सहजी विरघळत नाही. तिला खतनिर्मिती केंद्रातली उष्णता हवी.

खऱ्या सुती पिशवीचाही हिशेब आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं, तर एकदाच वापरलेल्या पातळ एचडीपीई पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा, नॉन-वोव्हन ११ वेळा आणि नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी, खत, वीज असं पुष्कळ लागतं. दर आठवड्याला एक नवी कापडी पिशवी विकत घेणारा माणूस कचरा कदाचित कमी करत असेल, पण बाकी भार वाढवतो. जुन्या साडीची, पँटची, चादरीची घरी शिवलेली पिशवी या हिशेबात सर्वात सरस, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी अनुभवाला येते. भाजीची पिशवी आपल्याकडे कचऱ्याच्या डब्यात लावतात. ती मिळेनाशी झाली की काळ्या पिशव्यांचा रोल विकत येतो. कॅलिफोर्नियात पिशवीबंदीनंतर हेच मोजलं गेलं. पिशव्यांमधून जेवढं प्लास्टिक वाचलं, त्यातलं सुमारे तीन दशांश कचऱ्याच्या जाड पिशव्यांच्या वाढलेल्या विक्रीतून परत आलं.

महाप्यात हे कसं जमेल?

महापे हा बाजाराचा भाग नाही, कामाचा आहे. मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये किंवा आसपासच्या कारखान्यांत येणारा माणूस सकाळी भाजी आणायला घरातून निघत नाही. लॅपटॉपची बॅग खांद्यावर, डबा हातात. संध्याकाळी घरून फोन येतो, "येताना कोथिंबीर घेऊन ये." पिशवी न नेण्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, खरेदी ठरवून केलेली नसते. दुपारच्या पार्सलचंही तेच. डाळ, चटणी, सांबार गाठ मारलेल्या छोट्या पिशव्यांत येतं आणि त्या गाठी सोडवता न आल्याने पिशव्या कोपऱ्यात फाडून फेकल्या जातात. इथल्या नाल्यांचं पाणी शेवटी ठाणे खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही.

अशा ठिकाणी दर परिणामकारक व्हायचा, तर पिशवी परत करायची सोयही जवळ हवी. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये "मीन्डुम मंजप्पै", म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम सुरू केली आणि बाजारांत १० रुपयांत कापडी पिशवी देणारी यंत्रं बसवली. महाप्यासारख्या भागात त्याच्या पुढची पायरी शक्य आहे : अनामत ठेवून मिळणारी पिशवी. कंपनीच्या गेटवर, स्टेशनच्या पुलाखाली घ्या, दुसऱ्या दिवशी परत द्या, पैसे परत न्या. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीला १ ते २ रुपये परत देण्याची तरतूद होती. ती रुळली नाही, कारण परत घेणारा हात कुठे आहे हेच लोकांना कळलं नाही. सोडा वॉटर आणि दुधाच्या काचेच्या बाटल्या वर्षानुवर्षं परत गेल्या, कारण ज्या दुकानातून घेतल्या तिथेच त्या परत घ्यायचे.

दुकानांसाठी करायच्या गोष्टी फार नाहीत. पिशवीचा दर आणि ती कशाची आहे हे दाराशी मोठ्या अक्षरात लिहा. घरची पिशवी आत नेऊ द्या. नाव छापलेल्या पिशवीला पैसे घेऊ नका, किंवा पैसे घ्यायचे तर नाव छापू नका. गोळा झालेल्या पैशांचं काय केलं, हे वर्षातून एकदा फलकावर लावा. पालिकेचं काम यापेक्षा अवघड आहे. पातळ पिशव्या जिथे बनतात आणि जिथून त्यांची घाऊक विक्री होते, ती ठिकाणं मोजकी असतात. गाड्या हजारो असतात. पथकं गाड्यांवर पाठवली तर एक गरीब माणूस दंड भरतो आणि पुरवठा तसाच राहतो. घाऊक पुरवठा आटला, तर सगळ्या गाड्यांवर एकाच दिवशी पिशवी महाग होईल आणि कुणालाच गिऱ्हाईक गमावण्याची भीती उरणार नाही.

लोक पिशवीला पैसे द्यायला तयार नसतात, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. आयरिश माणूस जेवढं देईन म्हणाला होता, त्याच्या सहापट देऊन खूश राहिला. कारण पैसे सगळ्यांनाच लागत होते, आधी सांगितलेले होते, आणि ते कुठे जातात हे त्याला ठाऊक होतं. एवढं झालं तर महाप्यातला माणूसही कुरकुर करत का होईना, पण सकाळी बॅगेच्या कप्प्यात एक पिशवी घडी करून ठेवील.